बाळ किती तासांचं आहे? पीएनसी वॉर्डात निरोगी नवजात बाळाची तपासणी

पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या, वॉर्डात पहिली ड्यूटी लागली की बाळापाशी जाताना हातात आधी केसपेपर घ्या, थर्मामीटर नंतर. जन्मवेळ बघा आणि तास मोजा. अंगावर पिवळेपणा विसाव्या तासाला दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. तेवढाच पिवळेपणा साठाव्या तासाला दिसला तर बहुतेक वेळा नोंद करून लक्ष ठेवायचं. डोक्यावरची सूज जन्मतःच होती की सहा तासांनी वर आली, यावर तिचं नाव बदलतं. दोन तासांचं बाळ दूध न पिता गाढ झोपलं तर तो त्याचा क्रम आहे, चोवीस तासांचं बाळ तसंच पडून राहिलं तर काहीतरी बिघडलंय. म्हणून कुठलीही नोंद वेळेशिवाय करू नका. ‘बाळ बरे आहे’ असं नुसतं लिहिलेल्या केसपेपरचा पुढच्या शिफ्टला काहीच उपयोग होत नाही.

इथे आपण पूर्ण दिवसांच्या (३७ आठवडे किंवा जास्त), २,५०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाच्या आणि जन्मताच रडलेल्या बाळाबद्दल बोलतोय.

लेबर रूममधला पहिला तास

बाळ येण्याआधी खोलीचं तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस असावं आणि पंखा बंद असावा. आईला घाम फुटतो, नातेवाईक पंखा लावा म्हणतात, पण ओलं बाळ पंख्याखाली काही मिनिटांत गार पडतं. दोन कोरडे, कोमट टॉवेल तयार ठेवा. पहिल्याने डोकं, पाठ, हातपाय पुसा आणि तो ओला टॉवेल बाजूला टाका. याच टॉवेलात बाळ गुंडाळणं ही नवख्यांची नेहमीची चूक. बाळ उघडंच आईच्या छातीवर पालथं ठेवा, डोक्यावर टोपडं घाला आणि दुसरा टॉवेल दोघांवर पांघरा. बाळ नीट रडत असेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधा. रडणाऱ्या बाळाच्या तोंडानाकात सक्शनची नळी घालायची गरज नसते. घशाच्या मागच्या बाजूला नळी लागली तर हृदयाचे ठोके एकदम कमी होऊ शकतात.

अपगार स्कोअर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला द्यायचा. अमेरिकन भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत बसवली. रंग, ठोके, उत्तेजनाला प्रतिसाद, स्नायूंचा ताठपणा आणि श्वास या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण असतात. ७ ते १० ठीक. पहिल्याच मिनिटाला १० लिहिलेले दिसले की जाणकार भुवया उंचावतात, कारण बहुतेक निरोगी बाळांचे तळहात-तळपाय तेव्हा निळसरच असतात आणि रंगाचा एक गुण जातो. दुसरी गोष्ट, बाळ रडत नसेल तर अपगारसाठी मिनिट संपायची वाट बघायची नाही. श्वास देण्याचं काम आधी, गुण नंतर. पाचव्या मिनिटाला ७ पेक्षा कमी असेल तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत पुन्हा स्कोअर द्या.

पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी श्वास, रंग, अंगाची ऊब आणि नाळेतून रक्त येतंय का, हे बघा. बाळ आईच्या छातीवर असताना त्याचं नाक दिसलं पाहिजे, मान एका बाजूला आणि सरळ हवी. थकलेली आई झोपून जाते आणि बाळाचं नाक स्तनात किंवा पांघरुणात दबतं, म्हणून या तासात आई-बाळाला एकटं सोडू नका. याच तासात बाळ स्वतः स्तनाकडे सरकतं, चिकाचं दूध तेव्हाच जावं. वजन त्यानंतर केलं तरी काही बिघडत नाही.

व्हिटॅमिन के १ मिग्रॅ मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, स्नायूत. बाजारात वेगवेगळ्या ताकदीचे अँपूल मिळतात, त्यामुळे ‘अर्धा मिली’ हे पाठांतर धोक्याचं आहे. एका मिलीत किती मिग्रॅ आहे ते प्रत्येक वेळी वाचा. आईचं मेथर्जिन (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन) आणि बाळाचं व्हिटॅमिन के एकाच ट्रेमध्ये ठेवू नका. ही अदलाबदल झालेली आहे आणि बाळाला ती जिवावर बेतते.

ओळखपट्टी बांधायच्या आधी बाळाचं लिंग आईला दाखवा आणि तिच्याच तोंडून वदवून घ्या. पट्टीवर आईचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ.

मग बाळ झोपतं

पहिला अर्धा-एक तास बाळ टक्क जागं असतं, डोळे उघडून बघतं, चोखतं. त्यानंतर दोन ते चार तास गाढ झोपतं, ठोके आणि श्वास मंदावतात. मग पुन्हा जाग येते, तेव्हा तोंडातून चिकट लाळ येते, पहिली काळी शी होते. मधल्या झोपेत ‘बाळ पीत नाही’ म्हणून घरचे घाबरतात आणि कोणीतरी वाटी-चमच्याने साखरपाणी आणतं. क्रम समजावून सांगा आणि श्वास, रंग, ऊब बघत राहा. निरोगी पूर्ण दिवसांच्या बाळाला टाच टोचून साखर तपासायची सरसकट गरज नसते. मात्र आईला मधुमेह असेल, बाळ फार लहान किंवा फार मोठं असेल, किंवा हातपाय थरथरत असतील तर तपासा, आणि ४५ मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली आली तर लगेच कळवा.

थरथर आणि झटका यांतला फरक हातानेच कळतो. थरथरणारा हात तुमच्या मुठीत हलकेच धरा. थांबला तर थरथर, मुठीतही झटके देत राहिला तर फिट.

पूर्ण तपासणी: आधी हात मागे

साधारण तासाभराने, आणि पुन्हा चोवीस तासांच्या आत, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. आईच्या समोर, दिवसाच्या उजेडात, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर. उपाशी बाळ रडतं, आणि रडणाऱ्या बाळात ना श्वास मोजता येतो ना पोट तपासता येतं.

झबलं वर करा आणि एक मिनिट नुसतं बघा. रंग, हातपायांची ठेवण, दोन्ही बाजू सारख्या हलतात का. नवजात बाळ पोटाने श्वास घेतं, म्हणून छातीकडे नाही, पोटाकडे बघत मोजा. पूर्ण ६० सेकंद. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची सवय इथे चालत नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो: भराभर आठ-दहा श्वास, मग पाच-सात सेकंद शांत, मग पुन्हा सुरू. शांततेचा तुकडा मोजणीत आला तर आकडा ३२ येतो, सुटला तर ५८. मिनिटाला ३० ते ५९ सामान्य. ६० किंवा जास्त आला तर बाळ शांत झाल्यावर पुन्हा मोजा, दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर कळवा. २० सेकंदांहून लांब थांबा, छाती आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज यांतलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, हाक मारा.

मग हात धुवून, एकमेकांवर चोळून गरम करा. बाळ झोपेत असतानाच स्टेथोस्कोप ठेवा, त्याची चकतीही आधी तळहातात धरून कोमट करा. ठोके मिनिटाला ११० ते १६०, गाढ झोपेत १०० च्या खाली जाऊन हलवल्यावर वर आले तर चालतं.

तापमान काखेत घ्या, काख आधी पुसून. ३६.५ ते ३७.५ अंश. थर्मामीटर दुसऱ्या खाटेवर असेल तर हाताच्या पाठीने पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधतेय, लगेच आईच्या उघड्या छातीला लावा. दोन्ही गार असतील तर तापमान मोजून डॉक्टरांना कळवा. गुदद्वारातून तापमान घेऊ नका, इजा होते. गुदद्वाराचं तोंड आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचं असतं.

वजनकाट्यावर आधी स्वच्छ कापड, मग शून्य, मग बाळ. क्रम उलटला की कापडाचे ७०–८० ग्रॅम बाळाच्या नावावर जातात आणि दुसऱ्या दिवशीची घट खोटी ठरते. लांबी साधारण ५० सेंमी, डोक्याचा घेर ३३ ते ३५ च्या आसपास. टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहा.

डोकं: इथे थोडं थांबा

जन्मानंतर डोकं लांबट दिसतं, हाडं एकमेकांवर चढलेली लागतात. दोन-तीन दिवसांत ते गोल होतं. पुढची टाळू चौकोनी, मऊ आणि सपाट, मागची लहान त्रिकोणी. टाळू बाळाला उभं धरून, शांत असताना बघायची. आडवं असताना किंवा रडताना ती फुगलेलीच वाटते.

सूज असेल तर तीन प्रश्न विचारा. कधी आली? हाडांमधली शिवण ओलांडते का? वाढतेय का? जन्मतःच असलेली, मऊ, बोट दाबलं की खळी पडणारी, शिवण ओलांडणारी सूज म्हणजे कॅपुट. दोन दिवसांत जाते. काही तासांनी वर आलेली, एकाच हाडापुरती, कडेला ठळक थांबणारी सूज म्हणजे सेफॅलोहीमॅटोमा. ती आठवडे राहते, सुई घालून काढायची नसते, आणि साठलेलं रक्त विरघळताना कावीळ वाढवते. तिसरी सूज विरळा, पण तीच लक्षात ठेवायची. व्हॅक्युम (डोक्याला चोषणवाटी लावून बाळ ओढून काढणं) लावलेल्या बाळाच्या डोक्यावर पाण्याच्या पिशवीसारखी हलणारी, शिवणी न जुमानता कानामागे, मानेकडे उतरणारी सूज. हे कवटीवरच्या आवरणाखालचं रक्त असतं आणि बाळाच्या अंगातलं बरंचसं रक्त तिथे जमू शकतं. बाळ पांढरं पडतं, ठोके वाढतात. म्हणून व्हॅक्युमच्या प्रत्येक बाळाचं टोपडं काढून पहिले काही तास पुन्हा पुन्हा डोकं चाचपायचं आणि घेर मोजायचा. टोपड्याखाली ही सूज कोणालाच दिसत नाही.

डोकं सोडून बाकीचं

डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपका असेल तर तो प्रसूतीच्या दाबाचा, दोन-तीन आठवड्यांत जातो. बाहुलीत प्रकाश टाकल्यावर लाल-नारिंगी चमक दिसावी. पांढरी दिसली तर मोतीबिंदू किंवा त्याहून गंभीर काही असू शकतं, त्याच दिवशी कळवा. तोंडात टॉर्च टाकून टाळा मागपर्यंत बघा आणि करंगळीने चाचपा. वरून अखंड दिसणाऱ्या टाळ्याला मागे फट असू शकते. टाळ्यावरचे पांढरे मणी निरुपद्रवी. तोंडातून फेस सतत गळत असेल आणि पाजल्यावर बाळ निळं पडत असेल तर पाजणं थांबवा, अन्ननलिका बंद असण्याची शंका घ्या.

गळ्याच्या हाडावरून बोट फिरवा. करकर लागली किंवा दचकवल्यावर एकच हात उघडला तर हाड मोडलेलं किंवा खांद्याची नस ताणलेली असू शकते. दचकवायचं म्हणजे डोकं तळहातावर थोडं उचलून, हाताचा आधार न सोडता दोन-तीन सेंमी खाली येऊ द्यायचं. बाळ दोन्ही हात फाकून पुन्हा जवळ घेतं.

पोट गोल आणि मऊ हवं. खोल गेलेलं पोट आणि सोबत श्वासाचा त्रास, किंवा हिरवी उलटी, यांत थांबायला जागा नाही. हिरवी उलटी आतडं पिळवटल्याची असू शकते. नाळेच्या कापलेल्या तोंडाशी तीन छिद्रं मोजा: दोन लहान धमन्या, एक मोठी शीर. हे ओल्या नाळेतच दिसतं, दुसऱ्या दिवशी ती वाळलेली असते.

मुलग्यात दोन्ही वृषणं पिशवीत उतरलीत का आणि लघवीचं छिद्र टोकाला आहे का, ते बघा. मुलीत पांढरा स्राव किंवा दोन-चार थेंब रक्त आईच्या संप्रेरकांमुळे येतं, आपोआप थांबतं. बाळ पालथं करून पाठीचा कणा बोटाने वरून खालपर्यंत तपासा. मधोमध खड्डा, केसांचा झुपका किंवा गाठ असेल तर लिहा. खुब्याच्या चाचण्या शिकलेल्या हातांनीच कराव्यात. तुम्ही मांड्यांच्या वळ्या सारख्या आहेत का आणि पाय सारखे फाकतात का, एवढं बघा, आणि बाळ पायाळू होतं का ते लिहा. पाऊल आत वळलेलं असेल तर हलक्या हाताने सरळ होतं का बघा. होत नसेल तर क्लबफूट, प्लास्टर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालेलं बरं.

कंबरेवरचे निळसर डाग आपल्याकडे बहुतेक बाळांना असतात. तरी ते पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहा, नाहीतर पुढे कोणी मार लागल्याच्या खुणा समजतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे, मध्ये पिवळसर ठिपका असलेले लाल चट्टे निरुपद्रवी. पू भरलेले फोड तसे नव्हेत.

दूध, शू, शी आणि वजन

‘पितंय’ हे आईचं उत्तर लिहून घेऊ नका, पूर्ण पाजणं एकदा समोर बघा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वर जास्त दिसणारा. चार-पाच वेळा चोखल्यावर गिळल्याचा आवाज. आईचं स्तनाग्र सुटताना चपटं झालं असेल तर पकड चुकलेली आहे.

दिवसाला ८ ते १२ वेळा. काळी शी २४ तासांत आणि पहिली लघवी ४८ तासांत व्हायलाच हवी. पहिली लघवी बऱ्याचदा लेबर रूममध्येच टॉवेलवर होते आणि कोणी लिहीत नाही, मग दुसऱ्या दिवशी धावपळ. लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला तर ते बहुधा रक्त नसून लघवीतले क्षार असतात. तिसऱ्या दिवसानंतरही ते दिसत राहिले तर दूध कमी पडतंय.

वजन घटतंच. हिशेब करा: जन्मवजन २,८५० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी २,६४०. घट २१० ग्रॅम, म्हणजे ७.४ टक्के. सातच्या वर गेल्यामुळे पाजणं पुन्हा बघायचं, वजन दुसऱ्या दिवशी पुन्हा. १० टक्के, म्हणजे इथे २,५६५ ग्रॅम, गाठले तर डॉक्टर. १० ते १४ दिवसांत जन्मवजन परत येतं.

कावीळ ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीपाशी न्या. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडा, क्षणभर पांढऱ्या झालेल्या जागेत पिवळेपणा दिसतो. मग कपाळ, छाती, पोट, मांडी, शेवटी तळपाय. कावीळ वरून खाली उतरते. पहिल्या २४ तासांतली कुठलीही कावीळ आणि कधीही तळहात-तळपायांवर आलेली कावीळ तपासणीला पाठवायचीच. सावळ्या बाळात डोळ्यांनी लावलेला अंदाज चुकतो, शंका असेल तर बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) करा. आईचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असेल तर पहिल्या दिवसापासूनच डोळा ठेवा.

आजीशी बोलणं

वॉर्डात आईपेक्षा आजी जास्त बोलते, आणि घरी तिचंच चालतं. तिला दटावू नका, कारण सांगा. बाळाच्या छातीला गाठ येऊन दूध दिसलं तर ते आईच्या संप्रेरकांमुळे. पिळलं तर गळू होतो. टाळूवर तेल लावायला हरकत नाही, दाबायची नाही. नाळेला हळद, तेल, पावडर काही नको, लंगोट तिच्या खाली बांधायचा. ती साधारण एक ते दोन आठवड्यांत पडते. मध, गुटी, काजळ नको. अंघोळ २४ तासांनी, अंगावरचा पांढरा थर घासून काढायचा नाही. दुपट्यात बाळ गुंडाळा, पण पाय सरळ ताणून बांधू नका, त्याने खुबा सरकतो.

सुटीच्या आधी

साधी प्रसूती असली तरी ४८ तास ठेवलेलं बरं. बीसीजी (डाव्या दंडात, त्वचेत ०.०५ मिली), पोलिओचे २ थेंब आणि हेपॅटायटिस बी (०.५ मिली, मांडीत, २४ तासांच्या आत) दिल्याची नोंद बघा. २४ तासांनंतर पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) उजव्या हाताला आणि एका पायाला लावा. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत असेल तर ठीक, कुठेही ९० च्या खाली गेलं तर लगेच कळवा. डावा हात चालत नाही, हृदयापाशी रक्त मिसळण्याच्या आधीचं रक्त खात्रीने उजव्याच हाताला मिळतं. गार पायावर आकडा खोटा कमी येतो, आधी पाय उबदार करा.

धोक्याच्या खुणा आईकडून परत म्हणवून घ्या: पीत नाही, सुस्त पडलंय, श्वास भरभर, फिट, अंग तापलंय किंवा गार पडलंय, तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली. यांतलं काही झालं तर १०८ ला फोन.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून उभी केली, आणि तिथून ती देशभर गेली. बाळंतीण माहेरी जाणार असेल तर सासरच्या आशाताई रिकाम्या घरी जातात. म्हणून कार्डावर माहेरचं गाव आणि तिथल्या आशाताईंचा नंबर आत्ताच लिहून घ्या, जन्मवेळ आणि सुटीच्या वेळचं वजन यांच्या शेजारी.